जामखेड : नेतृत्व वाटून देणाऱ्या प्रकल्पाचा इतिहास

सेवासंस्थेचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. संस्थापकांचे बालपण, त्यांचा त्याग, पहिली भाड्याची खोली, पहिली इमारत, मान्यवरांच्या भेटी, पुरस्कार आणि शेवटी देणगीदारांचे आभार. ख्रिस्ती संस्थांच्या स्मरणिकाही याच वाटेने जातात. त्यांत संस्थापकाच्या गुणांना ईश्वरी पाचारणाची जोड मिळते, एवढेच. अशा लेखनाने संस्थापकाविषयीचा आदर वाढतो, पण नेतृत्व शिकू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण गुण आणि पाचारण उसने घेता येत नाही. शिकता येतात ते निर्णय. पैसा कुठे खर्च केला, कुणाला निवडले, योजना फसल्यावर काय बदलले, कोणता अधिकार स्वतःकडे ठेवला आणि कोणता सोडला, हे नोंदवता येते, तपासता येते आणि दुसऱ्या गावात करूनही पाहता येते. सिंधुदुर्गात कसालपासून मालवण-सावंतवाडीपर्यंत चर्चच्या समित्या, महिला मंडळे, बचतगट, शाळा आणि दवाखाने चालवण्यासाठी पुढे येऊ पाहणाऱ्या माणसांनी ख्रिस्ती नेतृत्वाचा अभ्यास करायचा असेल, तर तो अशा निर्णयांवरून करावा असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी मी जामखेडचा सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प निवडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तो उभा केला. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही वैद्यकीय कामगिरीसाठी नव्हे. पुरस्काराचा विभाग होता ‘सामुदायिक नेतृत्व’.

जामखेडची मुळे अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, ख्रिस्ती इतिहासात आहेत. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले. पुढच्या शंभर वर्षांत शाळा, सेवकांना धर्मशिक्षण देणारे विद्यालय, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक आणि खेड्यापाड्यांतले दवाखाने असा मोठा विस्तार झाला. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या परिसरात महार आणि मांग समाजांतून लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. पण या विस्तारात एक गाठ होती. निर्णय घेणारे मिशनरी होते आणि एतद्देशीय ख्रिस्ती माणूस बहुधा त्यांचा पगारी सहायक. ही गाठ सर्वांत तीव्रतेने जाणवली ती नारायण वामन टिळकांना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मिशनमध्ये दोन दशके काम केले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र बसता येणार होते. १९१९ मध्ये टिळक वारले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. तरी ख्रिस्ती सेवेचे सूत्र इथल्या माणसाच्या हाती आले पाहिजे, आणि तिच्या अंगणात येण्यासाठी कुणाला धर्माचा दाखला द्यावा लागू नये, या दोन्ही गोष्टी टिळकांनी कृतीने मांडल्या होत्या. जामखेडचा इतिहास मला या अपुऱ्या राहिलेल्या प्रयत्नाचा पुढचा भाग वाटतो. आरोळ्यांनी टिळकांपासून प्रेरणा घेतली असा दावा मी करत नाही. दोघांपुढचा प्रश्न मात्र एकच होता.

रजनीकांत आणि मेबल यांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. १९६० मध्ये लग्न करताना दोघांनी ग्रामीण गरिबांसाठी आयुष्य द्यायचे ठरवले आणि पुढे वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात कामाला सुरुवात केली. रुग्णालय चांगले चालले, रांगा वाढल्या, शस्त्रक्रिया होऊ लागल्या. नेहमीच्या मोजमापाने हे यशच होते. पण जुलाबाने सुकलेले मूल बरे होऊन घरी जाई आणि काही आठवड्यांनी तेच मूल, किंवा त्याचे भावंड, तशाच अवस्थेत परत येई. बाळंतपणात अडलेली बाई पोचायची तीच मुळी उशीर झाल्यावर. बहुतेक आजार टाळता येण्याजोगे आहेत आणि रुग्णालयाच्या भिंतींच्या आत ते टाळता येणार नाहीत, हे दोघांच्या ध्यानात आले. इथे त्यांनी जे केले ते अभ्यासण्याजोगे आहे. नीट चाललेले काम थांबवून ते पुन्हा विद्यार्थी झाले. अमेरिकेत पुढचे प्रशिक्षण घेतले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य शिकले. टेलर स्वतः भारतात जन्मलेले, मिशनरी घरातले. प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. भारतात परतताना आरोळ्यांच्या हाती आराखडा होता आणि सुरुवातीला जिनिव्हाच्या जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनचा आधारही मिळाला. कमिशन १९६८ मध्येच स्थापन झाले होते, आणि जगभरच्या मिशन रुग्णालयांचा बहुतेक पैसा इमारतींत आणि उपचारांत जातो, गावापर्यंत पोचत नाही, हीच चिंता त्यालाही होती.

जामखेड निवडण्याचे कारण साधे होते: तो भाग दुष्काळी, रस्त्यांपासून लांब आणि डॉक्टर नसलेला होता. गावातल्या पुढाऱ्यांनी बोलावल्याशिवाय जायचे नाही असा नेम दोघांनी ठेवला होता, आणि बोलावणे आले तेव्हा काम सुरू झाले ते जनावरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्यात. लोकांना आरोग्यशिक्षण नको होते. त्यांना पाणी आणि अन्न हवे होते. १९७२-७३ च्या दुष्काळाने हे आणखी स्पष्ट केले. प्रकल्पाने मग लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, शेतकरी मंडळे बांधली आणि तरुण जमावेत म्हणून व्हॉलीबॉलचे सामनेही भरवले. कूपनलिकांच्या जागा ठरवताना शक्य तिथे त्या दलित वस्तीत येतील, असे पाहिले. ज्या गावात दलितांना सवर्णांच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, तिथे आता सवर्ण बायका घागर घेऊन दलित वस्तीत येऊ लागल्या. जातिभेदाविरुद्ध एकही सभा न घेता साधलेला हा बदल होता. नेतृत्वाच्या दृष्टीने यात एक धडा आहे. नैतिक सत्य माहीत असलेल्या माणसाला ते जाहीर करण्याचा मोह होतो. ते सत्य रोजच्या पाण्याच्या वाटेत कसे बसवायचे, याचा विचार करायला धीर लागतो आणि भूगर्भाची माहितीही लागते.

जामखेडच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र एका अपयशाचा आहे. पहिल्या आराखड्यात गावोगावच्या आरोग्याची जबाबदारी प्रशिक्षित परिचारिकांवर होती. कागदावर ते निर्दोष होते. प्रत्यक्षात शहरात शिकलेल्या तरुण परिचारिका खेड्यात एकट्या राहायला तयार नव्हत्या, आणि राहिल्या तरी गावातल्या बायका त्यांचे ऐकत नव्हत्या. अशा वेळी बहुतेक संस्था अधिक पगार, अधिक देखरेख किंवा अधिक शिकलेला माणूस यांतून मार्ग शोधतात. जामखेडने उलट दिशा धरली. प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी, तिला आम्ही शिकवू, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बहुतेक बाया निरक्षर होत्या, बऱ्याच दलित, काही विधवा वा नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्याला दोन दिवस त्या जामखेडला येत. एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि त्या आठवड्यात गावात कोण आजारी पडले, कोण बाळंत झाली, कोणते मूल वाळले, हे आपापल्या तोंडून सांगत. धडे त्यातूनच निघत. जुलाबावर मीठ-साखर-पाणी, गरोदर बाईची तपासणी, निर्जंतुक ब्लेडने नाळ कापणे, बाळाचे वजन, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखणे, क्षयाच्या रोग्याला गोळ्या नेमाने देणे. औषधापेक्षा बोलण्याचे शिक्षण अधिक होते, कारण सासूसमोर तोंड न उघडणाऱ्या बाईला आता सरपंचासमोर उभे राहायचे होते. पगार नव्हता, थोडे मानधन होते. त्यामुळे चरितार्थासाठी शेळ्या किंवा छोट्या धंद्याला कर्जाची सोय करून दिली गेली. गावाची सेविका गावाचीच राहावी, संस्थेची नोकर होऊ नये, हा त्यामागचा विचार होता.

याच निर्णयात मला ख्रिस्ती नेतृत्वाचा गाभा दिसतो. योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. तो प्रसंग नम्रतेचा धडा म्हणून पुष्कळदा सांगितला जातो आणि पुण्य गुरुवारच्या विधीत दरवर्षी होतोही. पण पाय धुणारा उठून पुन्हा गुरूच्या आसनावर बसला आणि शिष्य होते तिथेच राहिले, तर त्या नम्रतेने कुणाचे काय पालटले? त्याच प्रसंगात, मी केले तसे तुम्ही एकमेकांसाठी करा, अशी आज्ञा आहे, आणि पुढे शिष्यांना सेवक न म्हणता मित्र म्हटले आहे, कारण जे ठाऊक होते ते सगळे त्यांना सांगून झाले. ज्ञान वाटणे हे तिथे मैत्रीचे लक्षण आहे. वैद्यकाच्या व्यवसायात ज्ञान हीच सत्ता असते. आरोळ्यांनी गावात राहून गरिबांवर फुकट उपचार केले असते, तरी ते आदरणीय ठरले असते, पण सत्ता त्यांच्याकडेच राहिली असती. प्रसूतीचे, नाडीचे, कुष्ठाच्या चट्ट्याचे ज्ञान निरक्षर बाईच्या हाती दिल्याने ती सत्ता खरोखर हलली. १९८८ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ बोलल्या, तेव्हा सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना त्यांच्याशी केली आणि स्वतःची पणतीशी: झुंबर सुंदर पण महाग आणि दूरचे, पणती साधी पण एकीने दुसरी लावता येणारी. नेतृत्वाचे हे विवेचन जिने केले, तिला नेतृत्वाचा अभ्यासक्रम कुणी शिकवला नव्हता.

यावर पहिला आक्षेप कणकवलीकडूनच येईल, आणि तो गंभीर आहे. कसालहून थोड्याच अंतरावर, कणकवलीजवळच्या वागदे इथे, आप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले आप्पासाहेब १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात, भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषणाला बसले. येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला आणि सरकारला नमते घ्यावे लागले. १९४८ मध्ये गोपुरी उभी राहिल्यावर मैलासफाई माणसाच्या डोक्यावरून उतरावी म्हणून संडासांचे प्रयोग झाले, खत आणि गॅस यांचा विचार झाला. ब्राह्मण घरातल्या माणसाने समाजाने सर्वांत हीन मानलेले काम उचलले, यात पाय धुण्याच्या प्रसंगापेक्षा कमी काय आहे? मग जामखेडच्या नेतृत्वाला ख्रिस्ती म्हणायचे कशासाठी? माझे उत्तर असे, की ‘ख्रिस्ती’ हा शब्द इथे मालकी सांगत नाही, उगम सांगतो. आरोळे दांपत्याला ही दृष्टी आपल्या श्रद्धेतून मिळाली, आप्पासाहेबांना गीतेतून आणि गांधींकडून. एकाच ठिकाणी पोचलेल्या दोन वाटा एकमेकींना खोट्या ठरवत नाहीत. उलट ख्रिस्ती नेतृत्व शिकणाऱ्या कोकणातल्या मुलामुलीने गोपुरीचा इतिहास वाचलाच पाहिजे असे मी म्हणेन. पण दोन्हींत एक फरकही नजरेआड करू नये. आप्पासाहेबांनी हीन मानलेले काम स्वतः उचलून त्याला प्रतिष्ठा दिली. जामखेडने प्रतिष्ठेचे मानलेले काम हीन मानलेल्या माणसांच्या हाती दिले. समाजाला दोन्हींची गरज होती. दुसऱ्या वाटेने मात्र पुढारी नवे निर्माण होतात, आणि संस्था म्हणून टिकायचे असेल तर ते निर्णायक ठरते.

दुसरा आक्षेप जुना आणि थेट आहे: ख्रिस्ती सेवा हे धर्मांतराचे आमिष असते. हा आक्षेप रागाने झटकू नये, कारण दुष्काळातल्या मदतीबरोबर बाप्तिस्म्यांची संख्या वाढल्याचे प्रसंग मिशनच्या इतिहासात आहेत आणि खुद्द मिशनरींमध्येही त्यावर वाद झालेले आहेत. म्हणून प्रत्येक संस्था तिच्या रचनेवरून तपासावी. जामखेडमध्ये सेविका निवडायची गावाने. शेतकरी मंडळात आणि महिला मंडळात गावातल्याच जातींची माणसे. पाणी, अन्न, औषध यांपैकी काहीही धर्मावर अवलंबून नव्हते. ज्या प्रकल्पात गावपातळीवरचे कार्यकर्ते जवळजवळ सगळे अख्रिस्ती आहेत आणि तेच पुढे दुसऱ्यांना शिकवतात, तिथे आमिषाला लटकवायला खुंटीच उरत नाही. आरोळ्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही, आणि ती कुणाकडून मागितलीही नाही. आज कोकणात सेवाकार्य करणाऱ्या ख्रिस्ती संस्थांना हा आरोप सतत ऐकावा लागतो. त्याचे खरे उत्तर निवेदनांत मिळणार नाही. अधिकार कुणाच्या हाती आहे, हे दाखवता आले तरच मिळेल.

तिसरा आक्षेप वैद्यकाचा आहे. गरिबांसाठी अशिक्षित सेविका आणि श्रीमंतांसाठी तज्ज्ञ डॉक्टर, ही दुय्यम दर्जाची सेवा नव्हे काय? कोकणातल्या माणसाला हा प्रश्न चांगला समजेल. अवघड दुखणे झाले की घाट चढून मिरजेला जायचे, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उघडलेल्या रुग्णालयाने शस्त्रक्रियेचा जो दर्जा ठेवला, त्यामुळेच दूरदूरचे रोगी तिकडे वळले. वानलेस केवळ कुशल शल्यविशारद नव्हते. त्यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षणही सुरू केले आणि पुढे १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, तेव्हा त्याच रुग्णालयाचा आधार घेतला गेला. मिरजेशिवाय जामखेड अपुरे आहे, हे मान्य करायला हवे, आणि जामखेडनेही ते मान्य केले होते. प्रकल्पाचे स्वतःचे रुग्णालय सुरुवातीपासून आहे आणि सेविकेला जे जमत नाही ते तिथे पाठवले जाते. पण मिरजेला पोचण्याआधी जे मूल जुलाबाने जाते, त्याच्यासाठी दर्जाचा प्रश्न उद्भवतच नाही. संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला, आणि १९९६ मध्ये २६ होता. तेव्हा देशाची सरासरी ७० च्या वर होती. पहिली मोठी घसरण १९७१ ते १९७६ या पाच वर्षांत झाली, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्या काळात मोठी यंत्रे आली नव्हती. बाया शिकत होत्या, पाणी आले होते आणि मुले जेवत होती. यांतला वाटा कुणाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. तसे ते काढायचेच नसते, हीच तर ‘सर्वांगीण’ या शब्दामागची भूमिका होती.

चौथा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. जामखेड हे दोन असामान्य माणसांचे काम होते, त्यांना परदेशी पैसा आणि परदेशी विद्यापीठाचा आधार होता, आणि त्यांच्यामागे संस्था त्यांच्याच घरात राहिली. यात तथ्य आहे. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये वारले. त्यांची कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांनी काम पुढे चालवले. अनेक चांगल्या संस्थांच्या वाट्याला वारसाचा हा प्रश्न येतो, आणि ख्रिस्ती संस्थांत तो धर्मगुरूंच्या बदल्यांमुळे वेगळ्या रूपाने येतो. प्रमुख बदलला की धोरण बदलते आणि गावाने दहा वर्षांत कमावलेला विश्वास एका पत्राने मोडतो. पण जामखेडचा वारसा मोजताना फक्त संचालकाच्या खुर्चीकडे पाहिले, तर हिशेब चुकेल. संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रात देशातून आणि परदेशांतून आलेल्या कार्यकर्त्यांना शिकवण्याचे काम गावच्या सेविकांनीही केले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जगातल्या निवडक प्रयोगांची माहिती दिली, त्यात जामखेड होते. तीन वर्षांनी अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्यसेवा हे जगाचे धोरण ठरले. परदेशी पैशाने सुरू झालेल्या कामातून परदेशांना शिकण्यासारखे काही निघाले, हा मिशनच्या जुन्या व्यवहाराचा उलटा प्रवाह आहे, आणि टिळकांना तो पाहायला आवडला असता.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि प्रत्येक गावात ‘आशा’ ही आरोग्यसेविका आली. सिंधुदुर्गातल्या वाड्यावस्त्यांवर गरोदर बाईची नोंद ठेवणारी, लसीकरणाच्या दिवशी मुलांना गोळा करणारी, पावसात ओहोळ ओलांडून जाणारी ती बाई जामखेडसारख्या प्रयोगांची धाकटी बहीण आहे. सरकारने कल्पना उचलली, ती देशभर नेली आणि लाखो स्त्रियांना काम दिले. कोणत्याही सेवासंस्थेच्या आवाक्याबाहेरची ही गोष्ट. पण कल्पना उचलताना काय गळाले, हेही इतिहासाने नोंदवले पाहिजे. जामखेडची सेविका दर आठवड्याला शिकायला येई आणि गावाचे प्रश्न तीच मांडे. आशेचे प्रशिक्षण ठरावीक दिवसांचे असते आणि तिच्याकडे येतात ते वरून आलेले तक्ते. कामागणिक मोबदल्याच्या पद्धतीमुळे तिच्या कामाची किंमत नोंदींवर ठरते, आणि मोबदल्यासाठी तिला वारंवार मोर्चे काढावे लागले आहेत. अभियानाच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत आशेसाठी आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट होती, योग्य उमेदवार न मिळाल्यासच शिथिल करता येणारी. त्या अटीने जामखेडच्या पहिल्या तुकडीतल्या बहुतेक बाया अर्ज भरण्याआधीच बाद झाल्या असत्या.